नरक्या आणि कुडा

वारींत पोट बिघडलें, की दिंडींतली एखादी म्हातारी हमखास कुड्याच्या सालीचा काढा पुढें करते. डहाणू तालुक्यांतल्या रानशेतला आम्ही गेलों, तेव्हां एका वारली भगतानें ती साल काढून दाखविली. एकाच बाजूनें, फक्त वीतभर! सगळीकडून कां नाहीं, असें विचारतां तो हंसला. सगळी सोलली तर झाड मरेल, मग पुढल्या आजाऱ्याला काय द्यायचें, म्हणाला. त्या सालींतल्या गुणकारी द्रव्याला शास्त्रज्ञ कोनेसीन म्हणतात. भगताला तें नांव ठाऊक नव्हतें. त्याचें कांहीं अडलेंहि नाहीं.

पण नांव कळल्यावर झाडाचें काय होतें, तें याच सह्याद्रींत, दक्षिणेला महाबळेश्वर-आंबोलीच्या रानांत पाहावें. तिथें नरक्या वाढतो. फुलांना दुर्गंधी, म्हणून हें नांव. नंदुरबारला १९२५ सालीं जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेंत संशोधक झाले. त्यांनी व मन्रो वॉल यांनी १९६६ त एका चिनी झाडांतल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्याची ओळख जगाला करून दिली. पेशी वाढतांना तिच्या आंतला पिळलेला धागा सुटावा लागतो; हें द्रव्य तिथेंच आडवें येतें, आणि भराभर वाढणारी कर्करोगाची पेशी मरते. १९७२ त तेंच द्रव्य नरक्यांत सांपडलें. पुढें त्यावरून बनविलेलीं औषधें रुग्णांना मिळूं लागलीं.

आणि इकडे कुऱ्हाड चालली. चोरून झाडें तोडलीं, लांकडाच्या चिपा पोतीं भरून गेल्या.

आतां दोष कोणाचा? वाणींचा म्हणवत नाहीं. अंथरुणावरच्या बाईनें औषध घेऊं नये, असें म्हणायला आमची जीभ धजत नाहीं. तें क्रौर्य होईल. तोडणारा मजूर तर रोजावर राबतो. आमच्या मतें दोष घेण्यांत नाहीं, घेतलेलें उसनें आहे हें विसरण्यांत आहे. जैवविविधतेचा कायदा २००२ सालीं झाला. रानांतलें औषध नेणाऱ्या व्यापाऱ्यानें तें राखणाऱ्यांना वाटा द्यावा, असें त्यांत आहे. चांगलें झालें. पण उपटलेल्या नरक्याला वाटा कोण देणार? तें देणें रोप लावून, वाट बघूनच फिटायचें, आणि वाट बघणें बाजाराला जमत नाहीं.

निघतांना भगतानें कुड्याच्या उघड्या जागेवर ओली माती लिंपली. आम्हीं सालीची पुडी पडशींत घातली.