समाधान आणि अपील

आपल्यातल्याच एका काकांचा पाय लहानपणापासून पोलिओने अधू. मेडिकल बोर्डाने ३५ टक्के लिहून दिले. सवलतींना ४० लागतात. घरचे म्हणाले, अपील करा. काका म्हणाले, "मिळालं त्यात समाधान मानावं, सत्संगात हेच शिकलो ना?"

मला नाही पटलं. पाय प्रारब्धाचा म्हणा हवं तर, पण ३५ चा आकडा माणसाने लिहिलाय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५९ अपिलासाठीच आहे, म्हणजे मोजणाऱ्याचं चुकू शकतं हे कायद्यालाही मान्य. मुदत राज्य ठरवतं, तेव्हा बसून राहू नये. यात हावरटपणा कुठला?

हां, वाढवून लंगडणं हे पाप. पण कमी करून सांगणं? डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता का? काका म्हणाले, "चढतो की!" कठड्याला दोन्ही हातांनी धरून, मध्ये एकदा बसून, हे सांगितलंच नाही. तक्रार नको म्हणून. तेही खोटंच झालं ना?

काल अर्ज लिहायला बसले. जिन्याचं वाक्य दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं.