घरमालकाचा पुतण्या

तालुक्याच्या गावात भाड्याचं घर शोधायला दलाल लागत नाही. किराणा दुकानदारच सांगतो, "बँकेमागच्या गल्लीत वरचा मजला रिकामा आहे." गेल्या जूनमध्ये आमच्या कॉलेजात नव्याने रुजू झालेल्या एका तरुण शिक्षकाबरोबर मी असाच एक मजला पाहायला गेलो. मालक भले गृहस्थ. स्वतः कुलूप काढलं, ओट्यावरचा नळ सोडून दाखवला, पाणी एक दिवसाआड येतं पण टाकी मोठी आहे, हेही सांगितलं. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, चहा आला. मग प्रश्न आला, "सर, तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?" सरांनी सांगितलं. त्यावर "मूळचे कुठले?" तेही सांगितलं. तेव्हा मालकांना एकाएकी आठवलं की त्यांचा पुतण्या पुण्याहून राहायला येणार आहे.

आठ दिवसांनी माझ्या मेव्हण्याने आपल्या आडनावानिशी फोन केला. मजला रिकामाच होता. "कधीही या, साहेब."

या पुतण्याकडे नीट पाहायला हवं, कारण तो कायद्याच्या भीतीतून जन्मलेला आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणं हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणून जात तोंडाने कुणी उच्चारत नाही. पुतण्या येतो, मुलीचं लग्न निघतं, रंगकाम काढायचं असतं. मुसलमान भाडेकरूच्या बाबतीत तर एवढीही सबब शोधावी लागत नाही. हा कायदा त्याच्या कामाचा नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपण करतो ते योग्य आहे अशी मालकांची खात्री असती, तर त्यांनी ते सरांच्या तोंडावर सांगितलं असतं.

"घर माझं आहे, कुणाला द्यायचं ते मी ठरवणार," हा युक्तिवाद वजनदार वाटतो. तर मग जोतीराव फुल्यांचा हौद कुणाचा होता? तोही खासगीच, त्यांच्या राहत्या घरचा. १८६८ साली त्यांनी तो अस्पृश्यांसाठी खुला केला, तेव्हा कोणत्याही कायद्याने त्यांना भाग पाडलं नव्हतं. मालकी त्यांच्याकडेही होती आणि ठरवलं त्यांनीही. मालकीहक्काने निर्णय तुमच्या हातात दिला, एवढंच. तो निर्णय माणुसकीचा की कोतेपणाचा, याचं उत्तर सातबाऱ्यावर किंवा खरेदीखतावर लिहिलेलं नसतं.

"माझं काही नाही हो, पण शेजारपाजारचे काय म्हणतील?" हे वाक्य फार जुनं आहे. १९१७ साली परदेशातून शिकून आलेले आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. शहरात जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून एका पारशी पथिकाश्रमात उतरले. जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावलं. त्यांनी एका हिंदू मित्राला आसरा मागितला. मित्राची स्वतःची काहीच हरकत नव्हती! हरकत घेणार होते त्याच्या घरचे नोकर. ते काम सोडून गेले असते. आंबेडकरांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. शंभर वर्षांत नोकरांच्या जागी शेजारी आले, एवढाच काय तो फरक. आणि त्या शेजाऱ्यांना खरोखर कुणी विचारलेलं असतं का? बहुधा तेही आपल्या दारात आलेल्या माणसाला तुमचंच नाव सांगत असतात.

राहिला खाण्याचा मुद्दा. घरात मांस-मासे शिजू नयेत असं एखाद्याला मनापासून वाटत असेल, तर ती अट त्याने सर्वांना सारखीच घालावी. पण त्याच मजल्यावर आधी राहणारे बँकेचे साहेब दर रविवारी बोंबील तळत आणि वाटीभर खालीही पाठवत. त्यांचं आडनाव चालणारं होतं.

भाडेकरू जागा बळकावेल ही भीती मात्र खरी आहे. ती मी हसण्यावारी नेणार नाही. तिच्यावर उपायही आहे. अकरा महिन्यांचा करार करा आणि त्याची नोंदणी करा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी मालकावरच टाकली आहे. पगाराची पावती मागा, आधीच्या घरमालकाला फोन करा, पोलिसांत माहिती द्या. जागा न सोडणारे सर्व जातींत आहेत. कोर्टाच्या आवारात एक सकाळ बसलात तर भेटतील.

ते सर सध्या बावीस किलोमीटरवरच्या आपल्या गावाहून एस.टी.ने येतात. पहिला तास साडेसातला असतो आणि पहिली गाडी कधी येते, कधी येत नाही. वरच्या मजल्याच्या खिडक्या अजून बंद आहेत. पुतण्या काही आलेला नाही.