एक विशेष्य, दोन विशेषणे

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला उपपदांच्या प्रकरणात एक बारकावा हटकून समजावून द्यावा लागतो. ‘अ ब्लॅक अँड व्हाइट काउ’ म्हटले की अंगावर काळे-पांढरे ठिपके असलेली एकच गाय डोळ्यांपुढे येते. परंतु दुसऱ्या विशेषणाच्या आधी ते चिमुकले ‘अ’ पुन्हा योजिले, की गोठ्यात एक काळी आणि एक पांढरी अशा दोन गाई उभ्या राहतात. विशेषणे तीच, विशेष्य तेच, आणि तरीही वस्तू एक की दोन याचा निवाडा एका एकाक्षरी शब्दाच्या द्विरुक्तीवर अवलंबून! बसवनगुडीतल्या शाळकरी मुलांना हा नियम सांगताना मला नेहमी वाटत आले आहे की, ईश्वराच्या स्वरूपाविषयी आपल्या आचार्यांनी शतकानुशतके जो वाद केला, त्याचे बीज याच प्रश्नात आहे. एका नामाला दोन विशेषणे जडली, तर ती वस्तू अखंड राहते की भंगते?

विशेषणाचा पहिला कारभार व्यावर्तनाचा, म्हणजे एकाला इतरांपासून निराळे काढण्याचा. शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालेल्या या बेंगळुरात देवांची नावेसुद्धा या कारभारातून सुटलेली नाहीत. व्यंकोजीराजांनी 1669 साली ज्या मल्लिकार्जुनाला गाव इनाम दिले, तो आज काडु मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर, म्हणून ओळखला जातो; गुहेतला तो गवी गंगाधरेश्वर, किल्ल्याजवळचा तो कोटे वेंकटरमण, आणि थोरल्या देहाचा तो दोड्ड गणपती. मल्लेश्वरम्‌च्या सभोवतीचे रान केव्हाच गेले, तरी ‘काडु’ हे पद हललेले नाही. दोड्ड गणपतीला लोण्याचा अलंकार होतो त्या दिवशी त्या प्रचंड काळ्या शिळेवर शुभ्र लोण्याचा इतका जाड लेप चढतो की, दगडाचा रंग पार लोपून जातो, आणि पुढे तेच लोणी प्रसाद म्हणून भक्तांच्या हाती येते. तिथे उभा असलेला मनुष्य ‘दोड्ड’ म्हणतो, तेव्हा लहान गणपतींना वगळण्याचा हेतू त्याच्या मनात कुठेही नसतो. व्याकरणात निराळे करणारे पद पूजेत जवळीक सांगू लागते, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

तैत्तिरीयोपनिषदाने ब्रह्माविषयी सत्य, ज्ञान आणि अनंत अशी तीन पदे एकापुढे एक ठेविली, त्यांवर भाष्य करताना श्रीशंकराचार्यांनी या व्यावर्तनाविषयीच शंका उपस्थित केली आहे. निळे, मोठे, सुगंधी कमळ असे म्हणता येते, कारण तांबडी कमळेही जगात आहेत. पण ज्याला सजातीय दुसरे नाहीच, त्याला विशेषण लावावे कशाला? त्यांचे उत्तर असे की, ही पदे मुख्यतः लक्षणे होत. ती असत्य, जड आणि परिच्छिन्न यांना दूर सारतात. रामानुजाचार्यांना हे पुरेसे वाटले नाही. भिन्न भिन्न निमित्तांनी प्रवृत्त झालेली पदे एकाच अर्थावर येऊन ठेपतात, यालाच सामानाधिकरण्य म्हणतात, आणि म्हणून विशेषणांची अनेकता ही खऱ्या गुणांची साक्ष आहे, असे त्यांनी प्रतिपादिले. मध्वाचार्यांनी गुण आणि गुणी यांत भेद मानला नाही, मात्र व्यवहारात शब्द निराळे का पडतात याच्या उपपत्तीसाठी ‘विशेष’ नावाचा पदार्थ स्वीकारला. शंकरपुरातील शृंगेरीचा शंकर मठ, कत्रिगुप्प्यात 1956 साली स्थापन झालेले मध्वपरंपरेचे पूर्णप्रज्ञ विद्यापीठ आणि म्हैसुराच्या वाटेवरून फुटून गाठावयाचे रामानुजांचे मेलुकोटे, असा हा वाद या परिसरात अद्यापि जिवंत आहे.

क्रियाविशेषणाची गोष्ट थोडी वेगळी. ‘इन्फिनिटली मर्सिफुल गॉड’ या इंग्रजी पदबंधात पहिला शब्द देवाला स्पर्शच करीत नाही. तो दयाळूपणाच्या चाकरीत असतो आणि त्याचे मोजमाप सांगतो. त्याच उपनिषदाने आनंदाची शंभरपट, पुन्हा शंभरपट अशी चढती मोजणी केली, ती जिथे माप संपते तिथवर नेण्यासाठीच.

या सर्व तपशिलात मला सर्वांत समाधान देणारा निवाडा ज्ञानेश्वरमहाराजांचा वाटतो. अमृतानुभवाचे पाचवे प्रकरण सच्चिदानंद या पदत्रयाच्या विवरणालाच वाहिलेले आहे. तेज, कठिणपणा आणि सोनेपण ही तीन नावे घेतली म्हणून सोने तीन होत नाही, तद्वत् सत्, चित् आणि आनंद मिळून वस्तू एकच, हे ते आधी दाखवितात. आणि मग आणखी खोल उतरून सांगतात की, ही पदे असत्ता, जाड्य आणि दुःख यांचा निरास करण्यापुरती आली होती, वस्तूला ती आपल्या मुठीत धरू शकत नाहीत, आणि काम होताच ती मौनात परततात. शंकराचार्यांचा निषेध येथे आहे, पण त्याची शुष्कता नाही. कारण विशेषणांना हाकलून न देता त्यांची सेवा पुरी करवून घेऊन मगच त्यांना निरोप दिला आहे. मूसा बिन मैमून या यहुदी तत्त्वज्ञानेही बाराव्या शतकात ईश्वराला केवळ निषेधरूपच गुण लावावेत असे म्हटले होते. परंतु शब्दाविषयीची ही कृतज्ञता मला त्याच्या भूमिकेत आढळत नाही.

म्हणून देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे, मग न्याय मोडल्यावाचून दया कशी करील, या शंकेने जो व्याकुळ होतो, त्याने आधी पाहावे की आपण दुसऱ्या विशेषणाआधी ते उपपद नकळत पुन्हा तर लिहिले नाही ना. एक न्यायी आणि दुसरा दयाळू असे दोन देव कल्पिले, की झगडा अटळ. परंतु आईच्या धाकात आणि मायेत जी एकच स्त्री नांदते, तिला कुणी दोन मानीत नाही. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे परमहंस सभेच्या द्वारे धर्मविचारातही तितक्याच निष्ठेने लक्ष घातले. शब्दाची शिस्त आणि ईश्वराची जिज्ञासा एका मनुष्यात सुखाने नांदू शकतात, याचे ते थोर उदाहरण होय.

बेंगळुरात माझ्या ओळखीच्या मराठी घरांतून ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, अमृतानुभव मात्र क्वचितच उघडला जातो. ज्यांची मुले सध्या इंग्रजी विशेषणांचे धडे गिरवीत आहेत, त्यांनी एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसवून हे पाचवे प्रकरण सावकाश, मोठ्याने वाचावे, अशी माझी त्यांना मनःपूर्वक विनंती आहे.