यंत्राचें सत्य

शस्त्र घडविणाराला त्या शस्त्राच्या पापाचा वाटा लागतो कीं नाहीं, हा वाद फार जुना आहे. लोहार म्हणतो, तरवार केली आम्ही. ती कोणावर चालवावी हें सांगणारे आम्ही कोण? आरमारासाठीं संगणकाच्या आज्ञावली रचणारा आजचा अभियंता याहून निराळें बोलत नाहीं. आणि स्वदेशरक्षणाचें काम निषिद्ध न मानणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचा जबाब वरवर पाहतां पटतोही. परंतु तरवार आपल्या धन्याला कांहीं सांगत नाहीं. संगणक सांगतो, आणि येथेंच लोहाराची उपमा लंगडी पडते.

ता. ३ जुलै १९८८ रोजीं इराणच्या आखातांत 'विन्सेन्स' या अमेरिकन युद्धनौकेनें, बंदर अब्बासहून दुबईस निघालेलें इराणचें प्रवासी विमान क्षेपणास्त्रें सोडून पाडलें. २९० माणसें मेलीं. त्यांत ६६ मुलें होतीं, १० जण आपल्या देशाचे होते. विमान उडून जेमतेम सात मिनिटें झालीं होतीं. तें लढाऊ विमान असून खालीं उतरत नौकेवर चालून येत आहे, अशी नौकेवरील लोकांची समजूत झाली. वस्तुतः तें वर चढत होतें. आणि नवल हें कीं, नौकेवरील 'एजिस' यंत्रणेनें तें चढत असल्याचीच नोंद केली होती! रिअर अॅडमिरल फोगार्टी यांच्या चौकशींत यंत्रणा योजिल्याप्रमाणें चालली असा निर्वाळा मिळाला, आणि घोटाळ्याचें मूळ ताणाखालीं सांपडलेल्या माणसांत शोधण्यांत आलें.

मग अभियंता सुटला काय? मोठ्या पडद्यावर विमानाची जागा दिसे. उंची मात्र लहान पडद्यावर नुसत्या आकड्यानें उमटे. ती वाढते आहे कीं घटते आहे, हें मागचा आकडा ध्यानांत धरून ज्यानें त्यानें ताडावयाचें. आणि तेंही इराणी गनबोटींशीं गोळीबार चालू असतां!

धर्मराजाचा 'कुंजर' हा शब्द खरा होता, पण तो द्रोणांच्या कानीं पडला नाहीं. धर्मराजाच्या मनांत कपट होतें, अभियंत्याच्या मनांत नव्हतें. हा भेद मोठा आहे आणि तो आम्ही पुसूं इच्छीत नाहीं. तथापि कोणता आकडा ठळक काढावा व कोणता कोपऱ्यांत टाकावा हें ठरविणें, म्हणजे कोणतें सत्य ऐकूं जावें हें ठरविणेंच होय. तें ठरविणारा हात समुद्रापासून दूर, मेजावर, निवांतपणें चालत असतो. कप्तानाजवळ मिनिटें होतीं, याच्याजवळ वर्षें होतीं. ज्याला विचार करण्यास सवड आहे त्याच्याकडून अधिक विचाराची अपेक्षा करूं नये, तर ती कोणाकडून करावी?

त्या अहवालावर शेरा लिहितांना अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांचे अध्यक्ष अॅडमिरल क्रो यांनींही, पडद्यांच्या मांडणींत माणसाच्या दृष्टीनें सुधारणेस जागा आहे, असें सुचविलें. आमचे कित्येक विद्यार्थी आज या धंद्यांत शिरतात. पडदा कसा मांडावा हें त्यांना सोयीची बाब म्हणून शिकविलें जातें. नीतिशास्त्राच्या तासाला हा विषय निघालेला आमच्या पाहण्यांत नाहीं.