शिफारशीची रोजी

घरातील एखादी मुलगी मोबाईलवर एखाद्या वस्तूची माहिती देते, खाली खरेदीची लिंक जोडते आणि त्या लिंकवरून कोणी ती वस्तू घेतली की तिच्या खात्यात कमिशन जमा होते, हे आता आपल्या वस्तीलाही नवे राहिलेले नाही. ॲमेझॉनने अशी योजना १९९६ सालीच सुरू केली होती. दुकान नको, भांडवल नको, उंबरठाही ओलांडायला नको. शिकलेल्या, पण घराबाहेर नोकरी करू न शकणाऱ्या कित्येक मुलींसाठी ही मोठी सोय आहे, आणि तिच्याकडे नाक मुरडून पाहणे मला योग्य वाटत नाही.

माझ्या भाचीने हे काम सुरू केले तेव्हा तिने विचारले, "मामू, ही कमाई हलाल आहे ना?" मी घाईने "हो" म्हणालो. त्या उत्तराला आधार नव्हता असे नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहात दलालीच्या मोबदल्यावर स्वतंत्र प्रकरण ठेवले असून इब्ने सीरीन, अता, इब्राहीम आणि हसन (रह.) यांना त्यात काही वावगे वाटले नाही, अशी नोंद केली आहे. विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देणे हे श्रम आहेत, आणि श्रमाचा मोबदला जायज आहे. तरीही माझे ते "हो" मलाच टोचत राहिले.

बाजार समितीतला अडत्या आठवून पाहा. तो आपले कमिशन घेतो, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असते आणि व्यापाऱ्यालाही. म्हणून त्याच्या प्रत्येक शब्दापुढे दोघेही सावध असतात. मोबाईलवर बोलणारी मुलगी मात्र अडत्या म्हणून समोर येत नाही. ती कोणाची भाची असते, कोणाची मैत्रीण, कोणाची शेजारीण. ऐकणाऱ्याची सावधगिरी तिथे झोपलेली असते, आणि तिला झोपवणारी गोष्ट म्हणजे नात्यातला विश्वास. मग विकले काय जात आहे, वस्तू की तो विश्वास? सल्ला ज्याला विचारला जातो तो अमानतदार असतो, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण जाणतो. सल्ल्यामागे कमिशन आले म्हणून ती अमानत संपत नाही. उलट ती अधिक जड होते.

आपल्या देशाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले की शिफारशीमागे आर्थिक लाभ असेल तर तो सहज दिसेल अशा रीतीने सांगितला पाहिजे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे पाळलेच पाहिजे. पण "मला यातून कमिशन मिळते" एवढे लिहिले की आपण सुटलो का?

मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आतला दाणा ओला लागला. पावसाने भिजला, असे विक्रेता म्हणाला. मग तो ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्याला विचारले गेले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, हेही बजावले गेले. लक्षात घ्या, तो माणूस खोटे काही बोलला नव्हता. त्याने फक्त कोरडा भाग वर ठेवला होता. आजच्या बहुतेक शिफारशी म्हणजे असाच कोरडा थर असतो. न वापरलेल्या वस्तूला "मी रोज वापरते" म्हणणे हे तर उघड खोटे. पैसे देऊन लिहून घेतलेले अभिप्राय मला नजशच्याच जातीचे वाटतात. घ्यायचे नसताना बोली चढवून दुसऱ्याला भरीस पाडणे म्हणजे नजश, आणि ते हदीसने निषिद्ध केले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला हजरत जरीर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांचा प्रसंग सांगितला जातो. त्यांच्यासाठी ३०० दिरहमला घोडा ठरला होता. घोडा पाहून त्यांनी स्वतःच विक्रेत्याला सांगितले की याची किंमत याहून अधिक आहे, आणि रक्कम वाढवत वाढवत ८०० पर्यंत नेली. प्रत्येक मुस्लिमाचे हित चिंतण्याची बैअत त्यांनी केली होती.

आपण म्हणाल, दोष सांगत बसलो तर लिंक उघडणार कोण? प्रश्न रास्त आहे. काही जण उघडणार नाहीत, आणि कमाई घटेल. ती घटणारच नाही, असे आश्वासन मी देणार नाही. स्वतः वापरून पाहणे, दोन-तीन वस्तूंची तुलना करणे, कोणत्या घराला ती उपयोगी नाही हेही सांगणे, हे कौशल्य आहे आणि त्याला ग्राहक मिळतात. पण हळूहळू मिळतात. व्याजी कर्ज किंवा पैजेचे खेळ यांच्या लिंकविषयी मात्र वेगळे बोलायची गरज नसावी. वाईट कामाची शिफारस करणारा त्याच्या भाराचा वाटेकरी होतो, हे सूरह निसामध्ये (४:८५) स्पष्ट आहे.

भाचीने तिच्या फुफीला एक मिक्सर सुचवला होता. स्वतः न वापरता, केवळ चित्रफिती पाहून. चटणीच्या भांड्याचे झाकण गळते, हे तिला नंतर दुसऱ्या एका ग्राहकाकडून कळले. फुफीने तक्रार केली नव्हती. पोरीने सुचवले म्हणून ती गप्प होती. वस्तू परत करण्याची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. भाचीने मला पुन्हा विचारले नाही. तिने फुफीला फोन केला, कमिशनची रक्कम सांगितली, झाकणाचेही सांगितले. मिक्सर परत गेला आणि कमिशनही तिच्या नोंदीतून वजा झाले. फुफीने आता तिला कुकर कोणता घ्यावा, असे विचारले आहे.