फटके आणि उंबरठा

गोल्फ हा भलताच सज्जन खेळ आहे. रोजच्या खेळात पाठीमागे पंच नसतो. आपले फटके आपणच मोजायचे. झुडपाआड हुकलेला फटकासुद्धा, कुणी पाहिला नसला तरी, धरायचा. आमच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर हा नियम लावला तर डाव पहिल्याच दिवशी मोडेल!

या सज्जनपणाचं माहेर म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. तिथला क्लब १७५४ सालचा, निव्वळ पुरुषांचा. बायकांसाठी १८६७ मध्ये शेजारीच निराळा क्लब निघाला. त्यांच्या उंचसखल हिरवळीला लोक ‘हिमालय’ म्हणतात. म्हणजे बायका हिमालयावर केव्हाच पोचल्या. पण जुन्या क्लबाचा उंबरठा ओलांडायला २०१४ साल उजाडावं लागलं. तेव्हा मत देणाऱ्यांपैकी ८५ टक्के सभासद ‘हो’ म्हणाले.

आता, स्वतःचा एक फटका न चोरणाऱ्यांना २६० वर्षं दाराबाहेरची माणसं मोजावीशी का वाटली नाहीत? मला वाटतं, प्रामाणिकपणाला आपली वही पुरते. न्यायाला दुसऱ्याचीही उघडावी लागते. दुधाचा हिशेब पैशापैशानं लिहिणारे गृहस्थ आपण पाहतोच. घरातलं बाईमाणूस जेवायला शेवटी का बसतं, हा रकाना मात्र त्या वहीत नसतो.