हवा आली कुठून?

तळवड्यात एका फॅब्रिकेशनवाल्याकडे एकच ट्रक होता आणि त्या ट्रकला एकच ड्रायव्हर. मालक स्वभावाने वाईट नव्हता, हिशेबाला कडक होता. ट्रक जुना चारशेसात. हे मॉडेल 1986 साली बाजारात आलं आणि पिंपरी-चिंचवडच्या छोट्या शेडवाल्यांनी त्याच्या हौद्यात काय काय वाहिलं, याची यादी करायला बसलं तर गोष्ट बाजूलाच राहील.

श्रावण लागायच्या आत खेड तालुक्यात, भोरगिरीच्या अंगाच्या एका वस्तीवर सौर पॅनेलचे लोखंडी सांगाडे पोचवायचे होते. इंद्रायणीचा पूल, म्हाळुंगे, चाकण, राजगुरुनगर, चास, वाडा. संध्याकाळच्या आत माल उतरला पाहिजे, असं मालकाने निघताना दोनदा बजावलं. माल उतरला. पोच मिळाल्याची सही घेऊन रात्री ट्रक परत आला. वाड्याच्या पुढे रस्ता कसा होता ते मालकाने विचारलं नाही, ड्रायव्हरने सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, ब्रेक मऊ लागतोय."

ब्रेक लागत नाही आणि ब्रेक मऊ लागतो, या दोन तक्रारी वेगळ्या. ड्रम नुसते भिजले तर पॅडल नेहमीसारखं घट्ट असतं, फक्त गाडी थांबायला वेळ घेते. चार-सहा वेळा ब्रेक मारले की पाणी उडून जातं. मऊ ब्रेकमध्ये पायाखालचं पॅडलच ओल्या पावासारखं दबतं. अशा छोट्या ट्रकच्या नळ्यांमध्ये ब्रेक ऑइल असतं. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून पायाचा जोर थेट चाकापर्यंत जातो. त्यात हवेचा बुडबुडा शिरला की जोर बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो आणि चाकाला उरलंसुरलं मिळतं. (मोठ्या मल्टिॲक्सल गाड्यांचे ब्रेक हवेवरच चालतात. त्यांच्या तक्रारी निराळ्या, त्यांचे मिस्तरीही निराळे.)

मालकाने ट्रक जवळच्याच एका मिस्तरीकडे पाठवला. त्याने टाकीत ऑइल भरलं, पोराला पॅडलवर बसवलं आणि "दाब, धर, सोड" करत चारही चाकांच्या निपलमधून हवा काढली. बुडबुडे निघाले. पॅडल दगडासारखं घट्ट झालं. दोन दिवस गाडी झकास चालली, तिसऱ्या दिवशी पुन्हा मऊ.

दुसरा मिस्तरी जास्त शिकलेला निघाला. मास्टर सिलिंडरचे रबर गेले असणार, असं त्याने बोनेट न उघडताच सांगितलं आणि नवा सिलिंडर बसवला. नवा भाग बसवला की हवा काढावीच लागते, त्यामुळे पॅडल पुन्हा घट्ट झालं आणि श्रेय नव्या सिलिंडरला मिळालं. आठवडा काही निघाला नाही.

आता मालक चिडला. गाडी नीट चालवत नाही म्हणून ड्रायव्हरला बोलला, दोन्ही मिस्तऱ्यांना चोर म्हणाला आणि देहू-आळंदी रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या एका म्हाताऱ्या वस्तादाकडे ट्रक घेऊन स्वतःच गेला. ड्रायव्हर गाडी चालवत होता, मालक शेजारी बसून आधीच्या दोन्ही बिलांची बेरीज ऐकवत होता.

वस्तादाने पाना हातात घेतलाच नाही. आधी दोन्ही बिलं पाहिली.

"दोघांनी हवा काढली," तो म्हणाला. "हवा आली कुठून, हे कुणी बघितलं?"

मालक म्हणाला, "ते बघायलाच तुमच्याकडे आलोय."

"बरं. बाळा, कधी मऊ लागतो? उतारावर गरम झाल्यावर, की सकाळी गार गाडीलासुद्धा?"

"गार असतानाही," ड्रायव्हर म्हणाला.

प्रश्न साधा वाटतो, पण त्याने अर्धं दुखणं बाजूला होतं. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं. डॉट 3 दर्जाचं ताजं ऑइल 205 अंशांच्या खाली उकळता कामा नये, असा नियम आहे. पाणी मुरल्यावर मात्र तीच हद्द 140 पर्यंत खाली येते. लांब घाट सतत ब्रेकवर उतरला तर असं ऑइल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते आणि पॅडल बसतं. गार झालं की पुन्हा ठीक. इथे गाडी रात्रभर उभी राहूनही पॅडल मऊच होतं, म्हणजे दुखणं उकळण्याचं नव्हतं.

मालकाने बूस्टरचं नाव काढलं. वस्ताद हसला. "बूस्टर गेला तर पॅडल कडक होतं, शेठ. मऊ नाही होत."

मग तो स्वतः सीटवर चढला. पॅडल एकदा दाबलं, खोल गेलं. लागोपाठ तीनदा दाबलं, वर आलं, तरी स्प्रिंगसारखं. पाय तसाच रोवून तो गप्प बसून राहिला. पॅडल हळूहळू बोटभर खाली सरकलं. दाब कुठेतरी वाट काढत होता. टाकीतलं ऑइलही खुणेच्या खाली गेलेलं, आणि जमिनीवर मात्र थेंब नाही.

वस्तादाने पोराला तीन क्लॅम्प आणायला सांगितले. पुढच्या दोन चाकांना एकेक रबरी होज असतो आणि चेसिसवरून मागच्या ॲक्सलवर उतरणारा तिसरा. तिन्ही होज जपून दाबून बंद केले. पॅडल घट्ट झालं. म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष; जुनाही निर्दोषच असणार, हे ऐकून मालकाने कपाळाला हात लावला. मग पुढचा एक क्लॅम्प काढला, पॅडल घट्टच. दुसरा काढला, तरी घट्ट. मागचा काढला आणि पॅडल धपकन खाली गेलं.

हे करायला पाव तासही लागला नाही. माझ्या मते या गोष्टीतलं खरं कसब एवढंच आहे. पुढचं काम कुणालाही येतं.

मागची डावी जोडचाकं निघाली, ड्रम ठोकून काढला. आत वाळलेल्या गाळाचा थर होता. व्हील सिलिंडरच्या तोंडाशी तो गाळ काळा आणि ओला होता, बोटाला तेलकट लागत होता. गळणारं ऑइल गाळच पीत होता, म्हणून खाली थेंब पडत नव्हता. सिलिंडरचं रबरी बूट एका कडेने निघालेलं. तिथून शिरलेल्या वाळूने आतल्या भिंतीवर चरे पाडले होते. दोन्ही लायनरना ऑइल लागलेलं.

वस्तादाने चिमूटभर गाळ तळहातावर घेऊन चोळला. त्यात गवताची कुजलेली काडी होती.

"ही वाळू तळवड्यातली नाही," तो ड्रायव्हरकडे न बघता म्हणाला. "ओढा केवढा होता?"

ड्रायव्हरने आधी मालकाकडे पाहिलं, मग ड्रमकडे. "चाक बुडलं होतं," तो म्हणाला. "मध्येच अडकलो. अर्धा तास पाण्यात उभा होतो. गावातल्या पोरांनी धक्का दिला."

"ओढ्यात घालायला तुला मी सांगितलं होतं का?" मालक गरजला.

"नाही, शेठ. पक्क्या रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा होता. संध्याकाळच्या आत पोचलो नसतो."

शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. वस्तादाने पोराला लायनर आणायला पिटाळलं, बाकड्यावर बसून तंबाखू मळायला घेतली.

"आल्या दिवशीच सांगितलं असतं," मालकाचा आवाज थोडा खाली आला होता, "तर एवढं झालं नसतं."

"खरंय," वस्ताद म्हणाला. "त्याच दिवशी ड्रम उघडून धुतला असता, बूट बसवलं असतं, शे-दोनशेत भागलं असतं. आता सिलिंडर नवा, आणि लायनर दोन्ही बाजूंचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढेल. ऑइल प्यायलेला लायनर धुऊन चालत नाही." थोडं थांबून त्याने विचारलं, "बाळा, का नाही सांगितलंस?"

ड्रायव्हर बोलेना. उत्तर मालकानेच दिलं, तेही जमिनीकडे बघत. "गेल्या पावसाळ्यात टायर फाटला होता. त्याच्या पगारातून कापला होता मी."

"टायर कशाने फाटला होता?"

"विचारलं नव्हतं."

वस्तादाने मान डोलावली. त्या विषयावर तो पुढे एक शब्द बोलला नाही, उठून उजव्या बाजूचा ड्रम काढायला लागला. तिथेही गाळ होता, पण बूट शाबूत. पोरगा लायनर आणि सिलिंडर घेऊन आला. बॅकप्लेट धुतली, सिलिंडर बसला, लायनरचं ॲडजस्टमेंट झालं. ड्रायव्हर पॅडलवर बसला, वस्ताद निपलशी. दाब, धर, सोड. नळीतून आधी दुधाळ ऑइल आलं, मग बुडबुडे, मग नितळ धार. जुनं सगळं ऑइल काढून टाकायला वस्तादाने सांगितलं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं ऑइल ठेवू नये.

बिल द्यायला मालकाने पाकीट काढलं. नोटा मोजता मोजता तो थांबला आणि ड्रायव्हरकडे वळला.

"त्या ओढ्यात आणखी काय झालं?"

"काही नाही, शेठ."

"कापणार नाही. सांग."

ड्रायव्हरने हात पुसले. "उजव्या बाजूच्या कमानीचा पाटा तुटलाय बहुतेक. खड्ड्यात गेलं की कडकड वाजतं. आणि स्टेपनी तिकडंच राहिली, एका घरी. चिखलात चाकाखाली घालायला काढली होती."

मालकाचा चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, मिटलं. त्याने पाकीट पुन्हा खिशात घातलं आणि वस्तादाला म्हणाला, "जॅक काढू नका. पाटाही बघा." मग ड्रायव्हरला विचारलं, "ते घर कुणाचं, आणि त्यांना फोन आहे का?"